पहिलं इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घेतलं, त्याचा अनुभव

फ्लॅटमध्ये राहून ड्रम शिकायचे तर घरात अकूस्टिक किट (म्हणजे खरे, मोठ्या आवाजाचे ड्रम) आणायचा प्रश्नच नव्हता, इलेक्ट्रॉनिकच घ्यायचं हे ठरलेलं, पण कुठलं घ्यायचं यात माझे बरेच महिने गेले म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मी ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते, शिकते सरांकडे अकूस्टिकवर, आणि बजेट होतं सगळं धरून ६०,००० च्या आत.

आधी ऑक्टापॅडचं बोलू, कारण ज्याला विचारावं तो हेच म्हणतो की ऑक्टापॅड घे, कुठेही नेता येतो. साहजिकच आहे, ऑर्केस्ट्रा, बेंजो पार्टी, हळद, गणपती, आपल्याकडे सगळीकडे तोच. रोलंडने १९८५ साली पहिला ऑक्टापॅड काढला आणि आपल्या पोरांनी त्यावर ढोलकी, हलगी, ताशाचे पॅच लावून वाजवायची स्वतःची एक शैली उभी केली, त्या हातांबद्दल मला खरंच खूप आदर आहे. पण ते वाद्यच वेगळं. एका सपाट पेटीवर आठ पॅड, म्हणजे स्नेअर (समोरचा मुख्य ड्रम), टॉम (बाजूचे ड्रम), हाय-हॅट (पायाने उघडबंद होणारी झांजांची जोडी) आपापल्या जागी नाहीत, पायाचं पेडल हवं तर वेगळं जोडायचं. मला दोन हात आणि दोन पाय चौघांना वेगवेगळं काम द्यायला शिकायचं होतं, त्यासाठी पूर्ण किटच लागतं. सरांनीही हेच सांगितलं.

मग स्पेसिफिकेशन वाचत बसले. सगळीकडे आवाज किती आणि तयार किट (म्हणजे आवाजांचे जुळवून ठेवलेले संच) किती हेच मोठ्या अक्षरात. यामाहाच्या डीटीएक्स४०२ मध्ये ४१५ आवाज, अलेसिसच्या नायट्रो मेशमध्ये ३८५. माझं स्पष्ट मत, पहिल्या किटसाठी या आकड्यांकडे बघूच नका. रोज वाजवताना दोन-तीन किटच्या पलीकडे कोणी जात नाही, आणि पुढे हवेच असतील तर यूएसबीने लॅपटॉपला जोडून पाहिजे ते आवाज वाजवता येतात. बघायचं ते काठी कशावर पडतेय आणि पाय कशावर पडतोय.

काठीचं सोपं आहे. रबरी पॅड कडक लागतो आणि खोलीत टकटक ऐकू येते, मेशची जाळी शांत असते आणि ड्रम-कीने ताण कमी-जास्त करता येतो. फक्त मेशवर काठी खऱ्या स्नेअरपेक्षा जास्त उसळते, म्हणून मी माझा ताण जरा सैल ठेवलाय.

पायाचंच खरं अवघड. हेडफोन लावले की शेजारच्या घरात काही जात नाही, पण किक पेडलचा (पायाने मोठा ड्रम वाजवायचं पेडल) दणका हवेतून जातच नाही, तो फरशीतून सरळ खालच्या स्लॅबमध्ये उतरतो, खालच्यांना फक्त धप्प धप्प ऐकू येतं आणि त्यांना वाटतं वर कोणी मसाला कुटतंय. यावर कंपन्यांचा उपाय म्हणजे बीटर (पेडल दाबलं की ड्रमवर आपटणारा छोटा हातोडा) नसलेलं पेडल, डीटीएक्स४०२ ला तसंच येतं, आणि आवाजाच्या बाबतीत ते उत्तमच आहे. मी एका मैत्रिणीकडे ते भरपूर वाजवून बघितलं. पण बीटर ड्रमच्या पडद्यावर आपटून परत येतो ती जी परतीची लय पायाला कळते ती त्यात नाही, आणि मला तर आठवड्यातून एकदा सरांकडे खऱ्या पेडलवर बसायचं असतं. म्हणून बीटरवालाच किक टॉवर (बीटर ज्यावर आपटतो तो उभा पॅड) घ्यायचा आणि दणक्याचा बंदोबस्त वेगळा करायचा असं ठरवलं.

दुकानात जाल तेव्हा स्वतःच्या काठ्या आणि वायरवाले हेडफोन घेऊन जा. तिथे किट मोठ्या स्पीकरला जोडलेलं असतं, त्यात सगळंच भारी वाटतं. हेडफोन लावून आधी स्नेअरवर अगदी हलके घोस्ट नोट वाजवा, येतात का बघा. मग हाय-हॅटवर वाजवत वाजवत पाय हळूहळू उचला, बंद ते उघडं यात मधले आवाज मिळतात की एकदम उडी मारतो ते कळेल, स्वस्त किटची परीक्षा इथेच होते. क्रॅश सिंबल (झांज) वाजवून कड हाताने धरा, आवाज तुटला पाहिजे. आणि टॉम जोरात हाणून बघा, शेजारचा सिंबल आपोआप वाजला तर त्याला क्रॉसटॉक म्हणतात, सेटिंगमध्ये थोडाफार कमी होतो. सेकंडहँड बघत असाल तर हे सगळं कराच, शिवाय एखादा पॅड मुका असला तर त्याची वायर दुसऱ्या पॅडला लावून बघा, कित्येकदा बिघाड नुसता वायरचा असतो.

शेवटी अलेसिसचा नायट्रो मॅक्स घेतला. स्नेअर १० इंची मेश आहे, तेच मुख्य कारण, कारण खरा स्नेअर १४ इंची आणि ८ इंचीवर रिमशॉटची (काठी कडेवर आणि पडद्यावर एकदम मारायची) सवय लागणं कठीण. स्टूल आणि हेडफोनचे पैसे बाजूला ठेवलेच होते, ते ठेवाच, बऱ्याच किटमध्ये येत नाहीत आणि काहींत तर पेडलसुद्धा वेगळं घ्यावं लागतं. ब्लूटूथ हेडफोन अजिबात नको, काठी पडल्यावर आवाज उशिरा येतो, ताल धरताच येत नाही. किटमधलं ब्लूटूथ मोबाईलवरचं गाणं आत घ्यायला असतं, ते मात्र फार कामाचं आहे.

दणक्यासाठी टेनिस बॉलचा प्लॅटफॉर्म केला. १८ मिमी प्लायचे पाच बाय चार फुटांचे दोन तुकडे, खालच्याला साधारण फुटाफुटावर ५ सेंटिमीटरची भोकं, त्यात बॉल बसवायचे, बॉल साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास असतो म्हणून भोकात अडकतो, पलीकडे जात नाही. सुतारदादांनी होल-सॉने भोकं पाडून कडा पॉलिशपेपरने घासून दिल्या, म्हणाले ताई, कडा धारदार राहिल्या तर बॉल फाटतील. बॉल सोसायटीत क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनी जुने दिले. वरचा तुकडा त्यावर ठेवायचा, तो भिंतीला कुठेही टेकू द्यायचा नाही, टेकला की दणका भिंतीतून जातो. स्टूलही त्यावरच, नाहीतर उंची जुळत नाही.

मग खालच्या काकूंना त्यांच्या बेडरूममध्ये बसवून भावाला वर किक वाजवायला लावलं, मी काकूंजवळ. प्लॅटफॉर्मशिवाय स्पष्ट धप्प, प्लॅटफॉर्मवर अगदी पुसट, तेही पंखा बंद केल्यावर. काकू म्हणाल्या दुपारी दोन ते चार सोडून कधीही वाजव गं. तेवढं पाळते. क्लास चालूच ठेवलाय, कारण खऱ्या सिंबलवर काठीच्या टोकाने आणि काठीच्याच खांद्याने (टोकामागच्या जाड होत जाणाऱ्या भागाने) वाजवल्यावर जो फरक पडतो तो या किटमध्ये मिळत नाही, आणि तो कान तयार व्हायलाच हवा.