मेनासॉर बांधकाम, भाग ४: पाच डोकी, एक धड

मागच्या भागात सांगाडा उभा राहिला होता. या वेळी डोक्याचं काम, म्हणजे खरं तर पाच डोक्यांचं.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: ठाण्यातल्या नौपाड्यात, आमच्या घराच्या पॅसेजमध्ये दोन फुटी मेनासॉर उभा राहतोय. ट्रान्सफॉर्मर्स या गाडीचा रोबो होणाऱ्या खेळण्यांमधल्या स्टंटिकॉन टोळीचा कंबायनर, म्हणजे अनेक रोबो जोडून होणारा एक मोठा रोबो. मोटरमास्टर हा ट्रक धड होतो. डेड एंड, ब्रेकडाउन, ड्रॅग स्ट्रिप आणि वाइल्डरायडर या चार गाड्या हातपाय होतात. मूळ खेळणं १९८६ चं. माझे हातपाय धडापासून सुटतात आणि कुठल्याही सॉकेटला लागतात, पण त्यांच्या गाड्या होत नाहीत. सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या छोट्या मोटरी), वायरिंग आणि गाडीची घडी हे तिन्ही एका मांडीत बसवायचं तर रोबो चार फुटी करावा लागेल, आणि मग पॅसेजमधून जायला घरातल्यांना गॅलरीतून वळसा.

मेनासॉरच का, हा प्रश्न दर वेळी येतो. कारण बाकीच्या कंबायनरांची डोकी मला मांडायला सोपी वाटतात. डेव्हास्टेटर सहा जणांचा, पण सहाही जणांचं ज्यावर एकमत होईल तेवढंच तो करतो. कॉम्प्युट्रॉन पाचही जणांचं सगळं ऐकून, तोलून मगच हलतो, म्हणून संथ. ब्रूटिकस हुकमाचा ताबेदार. प्रिडाकिंगमध्ये पाच शिकाऱ्यांचं मन एकजीव झालेलं. हे सगळे दहा-वीस ओळींच्या कोडमध्ये बसतात. मेनासॉरमध्ये मात्र एक हुकूमशहा आहे, आणि त्याच्या हाताखालचे चौघंही त्याचा मनापासून द्वेष करतात. ताकद प्रचंड, पण पाच मनं एकमेकांना ओढत असल्याने ती कधी कुठे वळेल याचा भरवसा नाही. बॉब बुडियान्स्की यांनी खेळण्यांच्या खोक्यांसाठी लिहिलेल्या त्या छोट्या स्वभावचित्रांतच हे सगळं आहे. मला वाटतं, ट्रान्सफॉर्मर्सच्या गोष्टींत जो काही दम आहे त्याचा अर्धा त्या पुठ्ठ्यावरच्या चार ओळींत आहे.

तर अस्थिर मन दाखवायचं कसं? सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे रँडम. प्रत्येक सर्व्होच्या कोनात मधूनमधून थोडा झटका मिसळायचा. नेटवर दिसणारे बहुतेक ‘वेडे’ रोबो असेच चालतात. मीही तो लावून पाहिला. शेजारचा सातवीतला मुलगा आला, दोन मिनिटं बघत उभा राहिला आणि म्हणाला, “दादा, याची वायर लूज आहे का?” त्या प्रश्नातच सगळा निकाल आला. झटका कारणाशिवाय आला की बघणाऱ्याला तो बिघाडच वाटतो. स्वभाव दिसायला हवा असेल तर प्रत्येक विचित्र हालचालीमागे कुणाचं तरी काहीतरी म्हणणं असलं पाहिजे, आणि बघणाऱ्याला ते हळूहळू ओळखता आलं पाहिजे. या पूर्ण भागाचं काम एवढंच आहे.

म्हणून रचना अशी: धडात एक ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड), प्रत्येक हातापायात एकेक. पाचही जण ईएसपी-नाऊवर, म्हणजे राउटरशिवाय थेट बोर्ड ते बोर्ड रेडिओवर, बोलतात. दर ५० मिलिसेकंदांनी प्रत्येक अवयव दोन आकडे पाठवतो: मला कुठे जायचंय तो कोन, आणि माझा आग्रह किती, ० ते १००. निर्णय धड घेतं, म्हणजे मोटरमास्टर. त्याचं स्वतःचं मत सगळ्यांत जड. पण त्याने एखाद्याचा आग्रह डावलला की त्या अवयवाचा ‘राग’ नावाचा आकडा वाढतो. राग मर्यादेच्या वर गेला की तो अवयव पुढचा हुकूम ऐकतच नाही, काही सेकंद स्वतःच्या मनाने वागतो, आणि मग राग हळूहळू उतरतो. ईएसपी-नाऊच्या एका पॅकेटात २५० बाइट तरी मावतात; आमच्या भांडणाला त्यातले डझनभर पुरतात.

आता एकेकाचे स्वभाव. यात मी सगळ्यात जास्त रमलो.

ब्रेकडाउनला सतत वाटतं की सगळं जग, अगदी रस्त्यावरचे दिव्याचे खांबसुद्धा, आपल्याकडेच टक लावून बघतंय. त्याच्या हेडलाइटच्या जागी दोन मीटरपर्यंत मोजणारा लेझर अंतरमापक बसवलाय. कुणी जवळ आलं की आग्रह चढतो आणि तो हात शरीरामागे जायला बघतो. मोटरमास्टरला त्याच वेळी हात उगारायचा असतो. परिणाम असा की तुम्ही मेनासॉरसमोर उभे राहिलात तर एक हात तुमच्यावर उगारला जातो, अर्ध्यावर थबकतो आणि लाजल्यासारखा मागे सरकतो. समोरून बाजूला झालात की परत उगारतो. आईने हे पाहून विचारलं, “मला घाबरतोय का हा?” पहिल्यांदाच कुणीतरी वायरबद्दल न विचारता मनाबद्दल विचारलं.

ड्रॅग स्ट्रिपला हरणं सहन होत नाही. त्याचं कोड सगळ्यात छोटं: बाकीच्यांचे कोन ऐकायचे, जो सगळ्यांत पुढे असेल त्याच्यापेक्षा थोडं जास्त मागायचं, आणि हुकूम यायच्या आधीच निघायचं. त्यामुळे दोन्ही हात एकदम वर जायचे असतील तर त्याचा हात आधी पोचतो, जास्त वर जातो आणि तिथे क्षणभर थांबून मिरवतो. याची गाडी म्हणजे टायरेल पी३४, सहा चाकांची फॉर्म्युला वन कार. पुढे चार बारीक चाकं, मागे दोन मोठी. १९७६ च्या स्वीडिश ग्रां प्रीत जोडी शेक्टर याने ती पहिली आणली होती. ती बारीक चाकं थ्रीडी प्रिंटरवर छापताना मी मुद्दाम खऱ्या गाडीच्या फोटोंवरून मापं घेतली. खेळण्यातली जरा बटबटीत आहेत.

डेड एंडला कशातच अर्थ दिसत नाही. शेवटी सगळे मरणारच. तो मागणीच करत नाही. आग्रह कायम शून्याच्या आसपास, हुकूम मानतो पण उशिरा, आणि पोचल्यावर गुडघा हळूहळू सैल सोडतो. हा स्वभाव लिहायला सोपा पण बघायला सगळ्यात परिणामकारक निघाला, कारण एक पाय सैल झाला की पूर्ण देहाचा तोल खचल्यासारखा दिसतो. (खरं वजन पायांवर नाहीच. बेसमधून एक स्टीलची नळी कमरेत शिरते, भार तिच्यावर. पाय फक्त अभिनय करतात.) गंमत म्हणजे हाच डेड एंड आपल्या पॉलिशबद्दल कमालीचा हळवा. म्हणजे पाचांत चकाचक रंग त्यालाच हवा. त्यावर खाली बोलतो.

वाइल्डरायडर बेफाम, आणि त्याला शांतता सोसत नाही. दुसऱ्या पायात एक डिजिटल माइक आहे. आवाज कमी झाला की हा पाय आपटायला लागतो. आता हा स्वभाव ज्याने लिहिला त्याने नौपाड्यात राहून पाहिलेलं नाही. दिवसभर हॉर्न, कुकरच्या शिट्ट्या, स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षा. वाइल्डरायडर गाढ शांत. गणपतीत तर तो दहा दिवस आदर्श नागरिक असेल. मध्यरात्रीनंतर गल्ली निजली की सुरू. खालच्या मजल्यावरच्या काकांनी फार सभ्यपणे विचारणा केल्यावर रात्री अकरानंतर सर्व्होंची वीज तोडणारा टायमर लावलाय.

मोटरमास्टर स्वतःला रस्त्याचा राजा समजतो. घोडबंदर रोडवर गायमुखच्या घाटात एकदा कंटेनरच्या रांगेत उभं करायला हवं त्याला.

अदलाबदलीचं काम या भागातला सगळ्यात समाधानाचा तुकडा. मूळ खेळण्यांची कल्पनाच अशी होती की कुठलाही अवयव कुठेही लागावा, दुसऱ्या टोळीच्या धडालासुद्धा. माझ्या प्रत्येक सॉकेटमध्ये चुंबक आणि पोगो पिना (स्प्रिंगवर दबणाऱ्या जोडणीच्या पिना) आहेत. त्यातल्या एका पिनेवर प्रत्येक सॉकेटचा वेगळा रेझिस्टर. अवयव लागला की व्होल्टेज वाचून ओळखतो, आपण उजवा हात आहोत की डावा पाय. इथे एक सूचना: ईएसपी३२ मध्ये वायफाय रेडिओ चालू असताना दुसऱ्या एडीसीच्या (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाच्या) पिना भरवशाच्या राहत नाहीत, आणि ईएसपी-नाऊ त्याच रेडिओवर चालतं. पहिल्या एडीसीच्या, म्हणजे ३२ ते ३९ मधल्या पिना घ्या. शिवाय तो एडीसी दोन्ही टोकांना वाकडा वाचतो, म्हणून रेझिस्टर असे निवडा की चारही व्होल्टेज मधल्या पट्ट्यात पडतील.

आणि मग ब्रेकडाउनला पाय करून पाहिलं. हात असताना तो लपायचा. पाय झाल्यावर माणूस जवळ आला की तो गुडघा मागे घेतो आणि पूर्ण मेनासॉर पळायच्या पवित्र्यात येतो, वर मोटरमास्टर मात्र हात उगारूनच. या हालचालीसाठी मी एक ओळही लिहिलेली नाही. स्वभाव अवयवासोबत हलला, एवढंच.

आता रुक्ष भाग. पूर्ण हाताचं वजन साधारण ७०० ग्रॅम, त्याचा मध्य खांद्यापासून १४ सेंमीवर. म्हणजे हात आडवा धरायलाच ९.८ किलो-सेंमी टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो. एमजी९९६आर या सर्व्होच्या कागदावर ६ व्होल्टला ११ लिहिलेले असतात, पण ते जाम होण्याच्या क्षणाचे. त्यावर हात रोज तोलायचा नसतो. खांद्याला २५ किलोवाले घेतले, कोपर-गुडघ्याला एमजी९९६आर ठेवले. खांद्याच्या पट्ट्या २ मिमी अॅल्युमिनियमच्या, वागळे इस्टेटमध्ये कापून घेतल्या. सर्व्हो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, पण दुकानात गिअर हाताने फिरवून बघता येतात, त्यासाठी एवढं करायला माझी हरकत नाही.

सगळे सर्व्हो एकदम उसळले की व्होल्टेज खचतं आणि ईएसपी३२ चा ब्राउनआउट डिटेक्टर, म्हणजे कमी व्होल्टेज ओळखणारा भाग, बोर्ड रीसेट करतो. पाच मनं एकाच क्षणी बेशुद्ध. कथेला शोभेल असं वाटतं खरं, पण हा पुन्हा तो वायरचाच प्रश्न: प्रेक्षकाला भांडण दिसत नाही, फ्यूज उडालेला दिसतो. १२ व्होल्टच्या सप्लायवर आता व्होल्टेज उतरवणारे दोन वेगळे बक कन्व्हर्टर आहेत, सर्व्होंना एक, बोर्डांना एक, ग्राउंड सामाईक. प्रत्येक अवयवात १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तेव्हापासून बेशुद्धी बंद.

पॅकेट हरवण्याचं मात्र मी वेगळं केलं. आमच्या इमारतीत प्रत्येक घरात राउटर, २.४ गिगाहर्ट्झवर नुसता बाजार. काही पॅकेट गळणारच. गळलं तर अवयव जागच्या जागी थिजत नाही. हुकूम आला नाही म्हणजे आपण मोकळे, असं समजून स्वतःची इच्छा पुढे रेटतो. बघणाऱ्याला तो बंड करतोय असंच दिसतं, आणि एका अर्थी ते खरंच आहे.

रंगकाम थांबलंय. पावसाळ्यात लॅकर स्प्रे मारला की हवेतला ओलावा धरून वर पांढुरकी साय येते, आणि डेड एंडच्या गडद लाल रंगावर ती लांबूनही दिसते. प्राइमर, एम-सीलने भरलेल्या फटी आणि घासकाम झालंय. रंगाचा शेवटचा हात ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर. पीएलए या छपाईच्या प्लास्टिकची रिळंही डब्यात सिलिका जेलबरोबर बंद. उघडी राहिली की छापताना नोझलमध्ये तडतडतात आणि धागे सोडतात. खिडकीजवळ ऊन खाणारे भाग पीईटीजी या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये छापतोय, कारण पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं.

अडलंय एका आकड्यावर: राग उतरण्याचा वेग. पटकन उतरवला तर मेनासॉर शिस्तीत वागतो आणि कंटाळवाणा होतो. सावकाश उतरवला तर चौघं एकामागून एक फुटतात आणि मोटरमास्टरच्या ताब्यात फक्त मान उरते. सध्या चौघांनाही एकच वेग आहे. माझा विचार असा की ड्रॅग स्ट्रिपने डूख धरावा, डेड एंडने लगेच विसरावं. वाइल्डरायडरचं काय करायचं ते ठरत नाहीये. कुणी असा सावकाश उतरणारा आकडा चालवला असेल तर सांगा, सरळ रेषेत उतरवता की घातांकी वक्राने? पुढच्या भागात जबडा आणि आवाज.