धूर नाही, गळती दिसत नाही, तरी ऑइल कमी होतं

जुनं इंजिन ऑइल खायला लागलं की जेटीवर निकाल ठरलेला असतो: पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोला. मग हेड उतरतं, पिस्टन बाहेर येतात, लायनर-रिंगांचा नवा संच पडतो, ऐन हंगामातले दिवस वाया जातात. बोट परत पाण्यात गेली की कधी कधी ऑइल तेवढंच कमी होतं, कारण ते रिंगांवाटे जातच नव्हतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी काय काय तपासायचं ते इथे सविस्तर लिहितो. डोळ्यासमोर आहे ती आपल्याकडच्या ट्रॉलरवर दिसणारी चार किंवा सहा सिलेंडरची, वीस-पंचवीस वर्षं चाललेली इंजिनं.

ऑइल बाहेर जायच्या वाटा मोजक्या आहेत. बाहेर गळून बोटीच्या तळात जातं, जळून धुरात जातं, थंड करणाऱ्या पाण्यात मिसळतं किंवा ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून, उडतं. कधी तर ते गेलेलंच नसतं, ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी खोटं सांगत असते. सुरुवात या पट्टीपासूनच करावी, कारण तिला पैसा लागत नाही.

बोटीत इंजिन शाफ्टच्या रेषेत, मागे उतरतं बसवलेलं असतं. पट्टीवरच्या खुणा त्या उताराला धरून असतात, आणि दुसऱ्या इंजिनाची पट्टी घातलेली असेल तर तेवढंही नसतं. बर्फ, डिझेल, पाणी भरून निघालेली बोट आणि मासळी उतरवून रिकामी झालेली बोट सारखी तरंगत नाही. पट्टी चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) मध्यापासून अर्धा मीटर लांब असेल, तर बोटीच्या कलण्यात १ अंशाचा फरक पडला की पातळी सुमारे ९ मिलिमीटर वर-खाली दिसते. पट्टीवरच्या दोन खुणांमधलं अंतर बऱ्याचदा याच्या दुप्पट-तिप्पटच असतं. तेव्हा पातळी नेहमी एकाच वेळी बघा: सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, बोट खाडीत शांत उभी असताना, बोटीत साधारण सारखंच वजन असताना. इंजिन बंद केल्या केल्या बघू नका. वर चढलेलं ऑइल खाली उतरायला वेळ लागतो.

पट्टीची खात्रीही एकदा करून घ्या. पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी चेंबर पूर्ण रिकामा करा, इंजिनाला सांगितलेलं ऑइल एक लिटरच्या मापाने मोजून भरा, पाच मिनिटं चालवून फिल्टर भरू द्या, बंद करून अर्धा तास थांबा आणि पातळी जिथे येईल तिथे कानसने खूण करा. ती तुमच्या बोटीची खरी वरची खूण. ती जुन्या खुणेच्या खाली आली, तर तुम्ही आजवर इंजिनात जास्त ऑइल भरत होता. जास्त भरलं की क्रँक त्यात आपटते, फेस होतो आणि वरचं एक-दोन लिटर ब्रीदरमधून उडतं. भरल्यावर पहिल्या दिवशी झपाट्याने उतरतं आणि मग एका जागी थांबतं, असं दिसलं तर कारण हेच असण्याचा संभव मोठा.

आता खप मोजायचा. तासांपेक्षा डिझेलशी हिशेब सोपा, कारण डिझेलवरच्या कराच्या परताव्यासाठी पावत्या जपलेल्या असतातच. मी धरतो ते ढोबळ माप असं: १००० लिटर डिझेलमागे ५ लिटरपर्यंत ऑइल जुन्या इंजिनाला माफ. ५ ते १० च्या मधे लक्ष ठेवा, १० च्या वर शोध घ्यायलाच हवा. एका फेरीवरून काही ठरवू नका. निदान तीन फेऱ्यांचं डिझेल आणि वरून घातलेलं ऑइल वहीत लिहा. नुसत्या आकड्यापेक्षा तो वाढतोय का, हे जास्त महत्त्वाचं.

खप शून्य दिसला तरी निर्धास्त राहू नका. टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) आतल्या ओव्हरफ्लो पाइपातून, फीड पंपाच्या फाटलेल्या डायफ्रामातून किंवा डिझेल पंपाच्या शाफ्ट सीलमधून डिझेल चेंबरमध्ये उतरत असेल, तर जळालेल्या ऑइलची जागा डिझेल भरून काढतं आणि पातळी जागच्या जागी राहते. इकडे ऑइल पातळ होतं, गरम इंजिनावर प्रेशर घसरतं, बेअरिंग झिजतात. पट्टीचा वास घ्या. टिपकागदावर एक थेंब टाकून तासाभराने बघा. काळ्या डागाभोवती फिकट, तेलकट, लांबवर पसरलेलं कडं दिसलं तर डिझेल आहे. अशी गळती दुरुस्त केली की इंजिन अचानक ऑइल खातंय असं वाटतं. ते आधीपासूनच खात होतं, आता दिसायला लागलं. दुरुस्ती करणाऱ्याला त्याचा दोष देऊ नका.

पट्टी खरी आहे आणि डिझेलही नाही, हे ठरलं की तळाकडे वळा. तळातलं पाणी आपोआप उपसणारा पंप असेल तर तो आधी हाताने चालवायच्या बटणावर आणा, नाहीतर गळालेलं ऑइल कुणी बघायच्या आत समुद्रात जातं. त्याने गळतीही लपते आणि खाडीही खराब होते. इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे सरकवून त्यात जुनी वर्तमानपत्रं अंथरा. ठिपके कुठे पडतात ते कळेल.

ठिपका बहुतेक वेळा मागेच पडतो, फ्लायव्हील हाउसिंगखाली. म्हणून मागचं क्रँक सील दोषी ठरतं आणि गिअरबॉक्स सोडवायचं मोठं काम निघतं. पण इंजिन मागे उतरतं आहे. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, प्रेशर गेजची नळी, फिल्टरच्या वाटीचं रबर, ऑइल कुठूनही सुटलं तरी ते ब्लॉकवरून ओघळत मागेच जमणार. म्हणून ओलं दिसणाऱ्यातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची. आधी डिझेल आणि ब्रशने ब्लॉक धुवा, साबणाच्या पाण्याने डिझेल काढा, पूर्ण सुकवा, मग टाल्कम पावडर फुंकरा आणि जेटीला बांधून अर्धा तास इंजिन गरम होईपर्यंत चालवा. ओघळ पावडरीवर स्पष्ट उमटतो. रांगोळी वापरू नका. ती दगडाची भुकटी आहे, सीलच्या ओठात बसली तर शाफ्ट घासते.

मागून गळणारं ऑइल इंजिनाचं की गिअरबॉक्सचं, हेही बघायला हवं. दोघांच्या पातळ्या एकाच फेरीत टिपल्या की कळतं. गिअरबॉक्सची पातळी उतरत असेल तर सील त्याच्या पुढच्या शाफ्टचं गेलंय.

चेंबरबद्दल कोकणात वेगळं सांगायला हवं. पत्र्याचा चेंबर वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यावर लोंबकळत असतो. बाहेरून रंगाचे थर चढतात आणि आत गंज पत्रा खातो. सुईच्या टोकाएवढी भोकं थंड असताना रंगाने आणि मळाने बुजलेली राहतात. ऑइल तापून पातळ झालं की पाझरतात. जेटीवर तपासलं तर कोरडं, समुद्रात गळतं, असं त्यामुळे होतं. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत बोट वर ओढलेली असते, तेव्हा ऑइल काढून चेंबर उतरवा, रंग पूर्ण खरवडा आणि आतून दिवा लावून अंधारात बघा. समुद्रात असताना संशयित जागा कधीही टोचून किंवा ठोकून बघू नका, भोक मोठं झालं तर बंद करायला साधन नसतं. ड्रेन प्लगचं तांब्याचं वॉशर दर वेळी नवं घाला, किंवा जुनं लाल तापवून पाण्यात टाकून मऊ करून घ्या.

सील बदलण्याआधी ब्रीदर बघितलाच पाहिजे. माझ्या मते या सगळ्या शोधात सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. रिंगांच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो आणि ब्रीदरवाटे बाहेर पडतो. ब्रीदरची जाळी काजळी आणि मिठाने बुजली, किंवा नळी वाकून दबली, की आत दाब साठतो आणि तो प्रत्येक सीलमधून, पॅकिंगमधून ऑइल बाहेर ढकलतो. जुन्या इंजिनांत मागचं सील दोरीचं असतं, किंवा शाफ्टवर कोरलेल्या उलट आट्यावर सगळी भिस्त असते. त्यांना आतला दाब अजिबात सोसत नाही. अशा वेळी नवं सील घातलं तरी काही फेऱ्यांत तेही गळतं.

दाब मोजायला महाग साधन लागत नाही. ऑइल भरायच्या जुन्या झाकणाला भोक पाडून निपल बसवा, त्याला पारदर्शक प्लास्टिकची नळी जोडा, नळीला इंग्रजी यूचा आकार देऊन फळीवर बांधा आणि अर्धी पाण्याने भरा. गरम इंजिन पूर्ण वेगाने चालवून दोन बाजूंच्या पाण्यातला फरक मिलिमीटरमध्ये लिहा. मग ब्रीदर काढून, जाळी डिझेलने धुऊन, परत बसवून तसंच मोजा. फरक एकदम उतरला तर दोष ब्रीदरचा होता. तसाच राहिला तर वायूच जास्त येतोय: रिंगा, किंवा टर्बो असेल तर त्याचं सील. झाकण उघडून कमी वेगावर बघा. वाफ एकसारखी येत असेल तर झीज सगळीकडे सारखी. ठरावीक ठेक्याने फसफस येत असेल तर एकाच पिस्टनची रिंग तुटलेली असू शकते.

बाहेर सगळं कोरडं, धूर साफ, ब्रीदर साफ, तरी ऑइल जातंय, तर ऑइल कूलर उघडा. समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरमध्ये चालू इंजिनात ऑइलचं प्रेशर साधारण ३ ते ४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) असतं, पाण्याचं १ किलोच्या आत. नळी फुटली की ऑइल पाण्यात जातं आणि पाण्याबरोबर बोटीबाहेर. तळात थेंब नाही, धुरात काही नाही. इंजिन बंद झालं की उलटं होतं. ऑइलचं प्रेशर शून्य होतं, आणि कूलर पाण्याच्या रेषेखाली असेल व समुद्राचा व्हॉल्व्ह उघडा असेल तर खारं पाणी ऑइलमध्ये शिरतं. पट्टी दुधाच्या चहासारखी दिसायला लागते तेव्हा उशीर झालेला असतो, बेअरिंगांना गंज धरलेला असतो.

त्याआधी पकडायचं असेल तर हे करा. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनाचा ड्रेन प्लग सकाळी, सुरू करण्यापूर्वी, दोन-तीन आटे सैल करा. पाणी जड, ते तळाशी बसतं, म्हणून आधी तेच येईल. खात्री नसेल तर ते दोन थेंब तापलेल्या तव्यावर टाका; तडतडलं तर पाणी आहे. दुसरी तपासणी चालू इंजिनावर: गरम इंजिन जेटीला बांधून वेगाने चालवा, बाहेर पडणारं पाणी पांढऱ्या बादलीत धरा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. वर इंद्रधनुषी तवंग दिसेल. कमी वेगावर हे दिसेलच असं नाही. पाण्याची वाट ओल्या एक्झॉस्टमधून असेल तर तवंग न जळलेल्या डिझेलचाही असू शकतो, तेव्हा पाणी कूलरनंतर लगेच धरा. गोड्या पाण्यावर चालणारं इंजिन असेल तर वरच्या टाकीचं झाकण काढून आत तेलकट साय आहे का बघा. ती कूलरचीही असते आणि हेड गॅस्केटचीही.

संशय पक्का झाला तर कूलर उतरवा. ऑइलची एक बाजू बंद करा, दुसरीतून ३ किलो हवा द्या, कोमट पाण्यात बुडवून दहा मिनिटं बघा. थंड पाण्यात बारीक चीर उघडत नाही. एक-दोन नळ्या गेल्या असतील तर दोन्ही टोकांना पितळी खुंटी ठोकून हंगाम काढता येतो. त्याहून जास्त असतील तर नवा गाभाच घाला. आणि झिंकच्या कांड्या अर्ध्या झिजल्या की बदला. झिंक संपलं की खारं पाणी पितळ-तांबं खायला लागतं. दुरुस्ती होईपर्यंत रात्री समुद्राचा व्हॉल्व्ह बंद ठेवायची सवय लावा, आणि सकाळी उघडायची आठवण म्हणून 'व्हॉल्व्ह उघडा' अशी चिठ्ठी इंजिनाच्या किल्लीलाच बांधा.

टर्बो असेल तर हवेच्या पाइपात बोट फिरवून बघा. आत ऑइल जमलं असेल तर टर्बोचं सील लगेच बदलू नका. आधी त्याची परतीची नळी बघा: ती सरळ खाली, न दबता, चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर उतरायला हवी. इथली नळी बुजलेली असेल किंवा चेंबरमध्ये दाब असेल तर चांगलं सीलसुद्धा गळतं. चोंदलेला एअर क्लीनरही ऑइल ओढून घेतो. या दोषाला जपून राहा, कारण टर्बोने भरपूर ऑइल दिलं तर इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटतं आणि डिझेल बंद करूनही थांबत नाही. एअर क्लीनरचं तोंड झाकेल एवढी जाड फळी इंजिनापाशी हाताला येईल अशी ठेवा. तिथे हात किंवा कापड लावू नका.

उरला निळा धूर, ते बहुतेकांना माहीत आहे. सकाळी सुरू करताना किंवा बराच वेळ कमी वेगावर ठेवून थ्रॉटल दिल्यावर धूर येत असेल तर व्हॉल्व्ह गाइड. जाळं ओढताना, जोरावर सतत येत असेल तर रिंगा. डिझेल फवारणारी नोझलं काढली की कुठलं टोक ऑइलने ओलं आहे त्यावरून सिलेंडर कळतो.

रिंगांच्या बाबतीत एकच गोष्ट लक्षात घ्या. इंजिन तासन् तास विनाजोर, कमी वेगावर चालत राहिलं की लायनर आरशासारखा गुळगुळीत होतो आणि ऑइल त्यावर टिकत नाही, रिंगाही बसत नाहीत. अशा लायनरमध्ये नव्या रिंगा घातल्या तर पैसे पाण्यात. आधी होनिंग करून एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेषांची जाळी उठवून घ्या, लायनर साबणाच्या गरम पाण्याने धुऊन पांढरं फडकं काळं न होईपर्यंत पुसा, मग रिंगा बसवा. पहिले वीस-तीस तास इंजिन रिकामं घुमवत ठेवू नका, मध्यम जोरावर चालवा. त्यानंतर वहीत पुन्हा तोच हिशेब मांडा: तीन फेऱ्या, किती डिझेल, किती ऑइल, सकाळची पातळी.