ओळ परत म्हणायला मागे कोणी नव्हतं

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत मी एकूण दोनदा गायले. साल २०११, मी नववीत होते. आमचं गाव विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात. अजूनही कोणाची मुलगी जरा बरं गायला लागली की आई-वडील मला विचारायला येतात, "तिथं जायचं कसं? करतात काय?" म्हणून एकदाचं लिहून टाकते.

गाणं मी शिकले ते गुरुदेव सेवा मंडळात. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं व्हायची. पेटीवर आबाजी, खंजिरीवर दोघं-तिघं, आणि मी पुढं. मी ओळ म्हणायची, मंडळानं ती परत म्हणायची. तेवढ्यात मी श्वास घ्यायची. ही सवय पुढं कुठं नडणार हे कोणाला माहीत होतं!

२००८-०९ मध्ये टीव्हीवरच्या 'लिटिल चॅम्प्स' या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेनं सगळ्या महाराष्ट्राला वेड लावलं होतं. त्यातली पाच मुलं गावात सगळ्यांना घरच्यासारखी. कार्तिकी आळंदीची, रोहित लातूरचा, प्रथमेश कोकणातला, मुग्धा अलिबागची, आर्या पुण्याची. आबाजींचा एकच सवाल, "आपल्या इकडलं कोणीच कसं नाही बाप्पा?" पुढं दुसऱ्या एका कार्यक्रमाची निवड नागपूरला आहे असं कळलं, तेव्हा बाबांनी नाही, आबाजींनी ठरवलं की पोरगी जाईल.

हॉलबाहेर सकाळी सहापासून रांग. छातीला नंबर चिकटवलेला. दुपारी तीनला आत गेले तर पहिला प्रश्न, "पट्टी कोणती?" म्हणजे पेटीचा कोणता सूर 'सा' धरून गातेस. मला पट्टीच माहीत नव्हती! आबाजी पेटीवर एक सूर धरायचे, आम्ही गायचो. मी सूर लावला तसा पेटीवाला हसला. म्हणाला, ही काळी दोन, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी, पुरुषांची. तू मंडळातल्या काका लोकांच्या पट्टीत गातेस, म्हणून खाली आवाज दबतो. त्यानं वरची काळी चार दिली आणि तेच भजन परत म्हणायला सांगितलं. गळा असा मोकळा झाला की माझं मलाच नवल वाटलं. निवडीला जाणाऱ्या मुलींना मी एवढंच सांगते: आधी पट्टी काढून घ्या, ड्रेसचं नंतर बघा.

महिन्यानं फोन आला. कापसाची वेचणी ऐन भरात, मजूर मिळेना, आणि बाबांना माझ्यासोबत मुंबईला जावं लागणार, कारण मी अल्पवयीन. शाळेचं पत्र, जन्माचा दाखला, पालकांची सही. करार इंग्रजीत, पंधरा-सोळा पानांचा. बाबांनी पहिलं पान उलटून पाहिलं आणि म्हणाले, "आता एवढं आलो त सही नाही करू का?" केली. तिकिटाचे पैसे मागाहून देऊ म्हणाले होते. अजून मागाहूनच आहेत.

धामणगाववरून विदर्भ एक्स्प्रेसनं गेलो. तिथं गेल्यावर तीन दिवस नुसती तालीम. गाणं दीड मिनिटाचं करायचं: मुखडा, एक अंतरा, संपलं. भजनाला आमच्याकडं अर्धा तास लागतो, रंगलं तर जास्त. कानात बोंडासारखं एक बारीक यंत्र घालतात, त्यातून वाद्यं आणि ठेका ऐकू येतो, स्वतःचा आवाज मात्र लांबून आल्यासारखा. पहिल्या दिवशी मी ते काढूनच ठेवलं होतं.

चित्रीकरणाला सकाळी सातला बोलावलं आणि माझी पाळी आली रात्री अकराला. तोवर तोंडावरची पावडर तीनदा लावून झाली होती. उभी राहिले, दिवे लागले, पहिली ओळ अगदी नीट म्हटली. आणि थांबले.

मंडळ ती ओळ परत म्हणेल म्हणून मी वाट पाहत होते. वाद्यं पुढं निघून गेली. दोन-तीन मात्रांतच लक्षात आलं, पण गाडी सुटली ती सुटली. कोणी रागावलं नाही, नुसतं "परत" म्हणाले. दुसऱ्यांदाही मी जराशी अडखळले. तिसऱ्यांदा समोरच्या अंधारात बाबा बसलेत तिकडं पाहिलंच नाही, तेव्हा जमलं. परीक्षकांचं कौतुक मात्र आधीच टिपून ठेवलेलं होतं!

दुसऱ्या भागानंतर मी बाहेर पडले. एसएमएस कमी पडले म्हणे. गावात विचारायचे, "आता सिनेमात कधी?" आमच्या शाळेतले संगीताचे सर त्यांना समजावून सांगायचे की सुनिधी चौहान १९९६ मध्ये दूरदर्शनची स्पर्धा जिंकली तेव्हा शाळकरी पोरच होती. श्रेया घोषालही लहानपणी टीव्हीवर जिंकली, पण हिंदी सिनेमात तिचा आवाज पोचला तो २००२ मध्ये. मधली वर्षं कोणी दाखवत नाही. लोक ऐकून घ्यायचे आणि परत विचारायचे, "पण कधी?"

पहिला भाग लागला त्या रात्रीची गोष्ट राहिलीच. आमच्याकडं लोडशेडिंग, नेमकी तीच वेळ. मंडपवाल्याकडून जनरेटर आणला, टीव्ही मंदिरासमोर ओट्यावर ठेवला. सगळं मंडळ, बाया, लेकरं. मी आईच्या मागं लपून बसले होते. माझी थांबण्याची जागा कापून टाकली होती, गाणं सलग वाटत होतं. आवाज इतका स्वच्छ की आई म्हणाली, "हे तूच व्हय का?"

टीव्हीतली माझी पहिली ओळ संपली आणि आबाजींनी टाळी देऊन ती उचलली. मागून सगळं मंडळ एका सुरात तीच ओळ परत म्हणायला लागलं. पुढची ओळ मी काय आणि कशी गायले, ते त्या रात्री कोणालाच ऐकू आलं नाही.