दोन उजवे कान

माझ्या भिंतीवर एक माणूस गेली काही वर्षं फोनवर बोलतोय. त्याला दोन कान आहेत आणि दोन्ही उजवे. समोरून बघणाऱ्याला एकच दिसतो. रिसीव्हर पलीकडच्या, न दिसणाऱ्या कानाला लावलेला आहे, नुसती वायर तेवढी हनुवटीखालून लोंबते. दुसरा उजवा कान बघायचा तर फ्रेम उतरवून खिडकीशी न्यावी लागते आणि उजेड बाजूनं पडेल अशी तिरकी धरावी लागते. मग गालावर पांढऱ्या रंगाचा एक खरखरीत पापुद्रा दिसतो आणि त्याच्या आत बुडालेला आधीचा कान. चित्रकारानं तो काढला, शाईनं गिरवला आणि मग त्याच्या लक्षात आलं असणार, की डोकं एवढं वळलेलं असताना कान इतका पुढे येणार नाही. त्यानं तो बुजवला आणि अर्धा इंच मागे नवा काढला. छापलेल्या कॉमिकमध्ये यातलं काहीही नाही. तिथे कान एकच आहे आणि तो जन्मापासून तिथेच असल्यासारखा दिसतो.

हे एका कॉमिकचं मूळ पान आहे. म्हणजे ज्या कागदावर चित्रकारानं प्रत्यक्ष हात टेकून चित्र काढलं, तो कागद. कोणत्या मालिकेतलं हे सांगून उपयोग नाही, ती तुम्ही वाचलेली नसणार. मीही पान घेतल्यावरच वाचली, आणि खरं सांगायचं तर बेतासबात आहे. पान 1980च्या दशकातलं. 11 बाय 17 इंचांचा जाड ब्रिस्टल बोर्ड, त्यावर 10 बाय 15 इंचांत चित्र. ही अमेरिकन कॉमिक्सची नेहमीची मापं. 1967च्या सुमारापर्यंत पानं याहूनही मोठी असत, छापील पानाच्या जवळपास दुप्पट लांबी-रुंदीची. चित्र मोठं काढायचं आणि छापताना लहान करायचं, म्हणजे हाताची थरथर मिटून जाते. ज्यांना ती थरथरच बघायची असते, त्यांनी मूळ पान शोधावं.

आईनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जवळ जाऊन चष्मा वर-खाली केला आणि म्हणाली, "रंग भरायचे राहिलेत का गं?"

"नाही आई, हे असंच असतं."

"मग अर्धवट का विकलं त्यांनी तुला?"

तिचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. तेव्हा रंगांचं काम या कागदावर होतच नसे. काळ्या रेषांच्या पानाची छोटी प्रत काढत, तिच्यावर कोणीतरी पातळ रंगांनी नमुना करून देई आणि त्या नमुन्यावरून छापखान्यात एकेका रंगाची प्लेट वेगळी होई. मूळ पान काळं-पांढरं ते काळं-पांढरंच राही. हे मी आईला सविस्तर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाली. त्या "बरं"चा अर्थ मला कळतो.

काळं-पांढरं म्हणतेय खरी, पण जवळून बघितलं तर तसंही नाही. कडांना आणि चौकटींच्या आत फिकट निळ्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. छापखान्याच्या कॅमेऱ्याच्या फिल्मला हा निळा दिसत नसे, म्हणून त्यात हवी तेवढी गिचमिड करून ठेवायची मुभा होती. संवादांच्या फुग्यांमध्ये अक्षरांच्या वर-खाली पेन्सिलीच्या बारीक समांतर रेषा आहेत, दुरेघी वहीसारख्या. अक्षरं काढणारा माणूस एका छोट्या प्लॅस्टिकच्या पट्टीच्या भोकांत पेन्सिल खुपसून त्या ओढत असे. काळा रंग जिथे भरलाय तिथे कुंचल्याचे फटकारे दिसतात, एका ठिकाणी शाई दाट, शेजारी पातळ. आणि तिसऱ्या चौकटीत एक फुगा वरून चिकटवलेला आहे. त्याच्या मागचा डिंक कालांतरानं चहाच्या डागासारखा तपकिरी झालाय आणि डावा कोपरा सुटलाय. वरच्या फुग्यात तो माणूस म्हणतो, "आय हर्ड". सुटलेल्या कोपऱ्याखाली आधीचे शब्द दिसतात, "आय नो". म्हणजे आधी त्याला सगळं ठाऊक होतं. मग कोणीतरी, बहुधा संपादकानं, ते फक्त त्याच्या कानावर आल्याचं ठरवलं. मी तो कोपरा आजवर बोटानं उचलून पाहिलेला नाही. पुढचे शब्द वाचायचा मोह रोज होतो.

समासातल्या मजकुराची गोष्ट निघाली की जॅक किर्बी या अमेरिकन कॉमिक-चित्रकाराचं नाव येतंच. 1960च्या दशकात मार्व्हल या कॉमिक्स कंपनीत कामाची एक तऱ्हा होती. लेखकानं कथेचा सांगाडा द्यायचा, कधी नुसता बोलण्यातून, मग चित्रकारानं पानंच्या पानं काढायची आणि नंतर लेखकानं त्या चित्रांवर संवाद लिहायचे. त्यामुळे किर्बी चित्रांच्या बाजूला, समासात, पेन्सिलीनं लिहून ठेवी: इथे हा असं म्हणतो, इथे तो घाबरलाय, इथे अमुक अमुक घडतंय. छापताना समास कापला जाई आणि ते सगळं जाई. मूळ पानांवर ते अजून आहे. मार्व्हलचा लेखक स्टॅन ली यानं काय रचलं आणि किर्बीनं काय, या कित्येक वर्षं चाललेल्या भांडणात ती समासातली पेन्सिल साक्षीला येते. छापलेल्या नावांपेक्षा मी तिच्यावर जास्त विश्वास ठेवीन.

त्या काळी या कागदांना कोणी जपलं मात्र नाही. छापून झालं की पानाचं काम संपलं. कुठे ती गोदामात पडली, कुठे आल्यागेल्याला भेट म्हणून दिली गेली, कुठे सरळ फाडली गेली. चित्रकाराला पान परत करण्याची रीत मोठ्या कंपन्यांत 1970च्या दशकात पडली. किर्बीला आपली जुनी पानं मिळवायला मार्व्हलशी जाहीर वाद घालावा लागला. 1987मध्ये ती परत आली, पण त्यानं काढलेल्या कित्येक हजारांपैकी सुमारे 2 हजारच. उरलेली कुठे गेली? काही अशी अचानक उगवतात. स्पायडरमॅन ज्या अंकात जन्मला, त्या कथेसह त्या अख्ख्या अंकाची स्टीव्ह डिटकोनं काढलेली 24 पानं 2008मध्ये कोणीतरी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. देणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. विकली असती तर काय मिळालं असतं याचा अंदाज बांधायचा असेल, तर स्पायडरमॅनच्याच काळ्या पोशाखाचं माइक झेकनं काढलेलं एक पान 2022मध्ये 33 लाख 60 हजार डॉलरना गेलं. एक पान!

मला त्यातल्या त्यात आवडतो तो टिनटिनच्या चित्राचा किस्सा. टिनटिनचा जनक एर्जे यानं 1936मध्ये "ब्लू लोटस" या टिनटिनच्या पुस्तकासाठी एक रंगीत मुखपृष्ठ रंगवलं. ते छापणं फार महागात जाईल म्हणून बाजूला पडलं. प्रकाशकाच्या घरची हकिकत अशी, की एर्जेनं ते तिथल्या 7 वर्षांच्या मुलाला देऊन टाकलं आणि त्यानं त्याची घडी घालून खणात ठेवलं. हकिकतीबद्दल मतभेद आहेत, घड्यांबद्दल नाहीत. त्या अजून चित्रावर स्पष्ट दिसतात. 2021मध्ये पॅरिसच्या लिलावात त्याला जवळपास 32 लाख युरो आले. एवढ्या पैशांत इस्त्रीसुद्धा करून मिळाली नाही.

असल्या आकड्यांशी माझा संबंध बातमीपुरता. या बाजारात नायक पोशाखात असेल, हाणामारी चालू असेल, अख्ख्या पानाचं एकच चित्र असेल, तर किंमत चढते. दोन माणसं बोलतायत, एक जिना उतरतोय, एक फोन वाजतोय, असली पानं तळाला असतात. आमच्यासारखे तिथेच घुटमळतात. आणि मला तर वाटतं, चित्रकार कसाला लागतो तो याच पानांत. स्फोट कोणालाही काढता येतो. (हे कोणी स्फोट काढणाऱ्यानं वाचू नये.) फोनवर बोलणारा माणूस सहा चौकटींत कंटाळवाणा होऊ न देणं, हे काम आहे.

शोध सगळा पडद्यावर. त्याची एक विद्याच होऊन बसली आहे. चित्रकाराचं नाव टाकून शोधणारे शंभर जण असतात, म्हणून मी नावाचं चुकीचं स्पेलिंग टाकून शोधते. ज्याला आपल्याकडच्या वस्तूची माहिती नाही तो नावही चुकीचंच लिहितो. "जुनं शाईचं चित्र, माणूस व फोन" असल्या वर्णनाखाली माझं पान मला सापडलं. मग पडताळणी. पेन्सिल कोणाची, शाई कोणाची हे ग्रँड कॉमिक्स डेटाबेसवर बघायचं, स्वयंसेवकांनी अंकाअंकानिशी नोंदी करून ठेवल्या आहेत. मग मोठ्या लिलावघरांच्या जुन्या विक्रीच्या नोंदी, तिथे पानांचे भलेमोठे स्कॅन फुकट बघायला मिळतात. विकत काहीच घ्यायचं नसलं तरी एका रात्रीचा निकाल लावायला ते पुरेसे आहेत. बोली लावायचीच असेल तर शेवटच्या दहा सेकंदांत लावावी, आणि हातोडा पडल्यावर वर खरेदीदाराची फी, पाठवणी आणि जकात असते हे आधीच कागदावर मांडावं. मी मांडते. मग तो कागद उलटा ठेवते.

फसलेही आहे. फोटोत एक देखणं पान होतं, वर "ओरिजिनल" लिहिलेलं, किंमत बेताची. आलं तेव्हा पुठ्ठ्याच्या आतून कागद काढतानाच हाताला कळलं. काळा रंग सगळीकडे सारखा होता, मेल्यासारखा. भिंग लावलं तर काळ्या रेषेत निळे-गुलाबी ठिपके. प्रिंटरचे. विकणाऱ्याला लिहिलं, तर त्याचं उत्तर आलं, की हो, प्रिंटच आहे, पण ओरिजिनल प्रिंट आहे. या उत्तरावर काय बोलणार? तेव्हापासून मी चित्र नीट पाहायच्या आधी पांढरा रंग शोधते. खाडाखोड कुठे आहे, पेन्सिल कुठे चुकलीय, फुगा कुठे चिकटवलाय. रेषा पहिल्या झटक्यात अचूक आलेलं, एकही डाग नसलेलं पान दिसलं की मला धडधडतं. खालून उजेड देणाऱ्या लाइटबॉक्सवर ठेवून नक्कल उतरवणाऱ्याला चुकायचं कारणच नसतं, त्याला कान कुठे यायचा ते आधीच माहीत असतं.

हल्ली बरेच चित्रकार थेट टॅबलेटवर काढतात. कान चुकला की कंट्रोल-झेड. त्यांना दोष कसा देणार, महिन्याला 20-22 पानं पुरी करायची तर हात सोपा मार्ग धरणारच. काही जण मधला मार्ग काढतात. एकाची पेन्सिल स्कॅन होऊन दुसऱ्याकडे जाते, तो ती फिकट निळ्यात छापून वरून शाई करतो. मग एकाच पानाची दोन मूळ पानं होतात, एक पेन्सिलीचं आणि एक शाईचं, आणि खरं कोणतं यावर संग्राहक मनापासून भांडतात. ज्यांना दोन्ही परवडत नाहीत त्यांच्यासाठी 2010पासून आर्टिस्ट्स एडिशन नावाची पुस्तकं निघू लागली. मूळ पानं मूळ आकारात, रंगीत स्कॅन करून, डाग आणि पांढऱ्यासकट छापलेली. काळ्या-पांढऱ्या चित्रांचं पुस्तक रंगीत छापायचं ते केवळ डिंकाचे डाग तपकिरी दिसावेत म्हणून! आईला हे सांगायचं मी टाळलंय.

माझं पान 14वं. फोन त्यावर संपत नाही, 15व्या पानावरही तो माणूस बोलतोच आहे. ते पान मी दोन वर्षं शोधत होते. शेवटी एका अनोळखी संग्राहकाच्या ऑनलाइन गॅलरीत सापडलं, खाली नेहमीची पाटी: विकाऊ नाही. स्कॅन लहान होता, गाल दिसत होता, पापुद्रा आहे की नाही ते कळत नव्हतं. मी त्याला लिहिलं, की तुमचं पान विकत मागत नाही, फक्त खिडकीशी तिरकं धरून कानाकडे बघाल का? पत्र पाठवल्यावर वाटलं, हा आपल्याला वेडी समजणार.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. पान तिरकं धरलेलं, कोपऱ्यात त्याचा अंगठा. कान एकच होता, नीट काढलेला. पण त्या कानावर मोठा पांढरा पट्टा होता आणि त्याखाली रिसीव्हर, बोटांसकट. तिथे फोन आधी अलीकडच्या कानाला होता, मग बुजवून पलीकडे नेला. म्हणजे हा माणूस कोणत्या कानानं ऐकतोय हेच त्या आठवड्यात ठरत नव्हतं.

फोटोखाली त्यानं विचारलं होतं, की 14वं पान तुमच्याकडे आहे तर, विकणार का? मी तेव्हा त्याला 15व्याबद्दल तेच विचारायला बसले होते.