लासलगाव: अर्ध्या मिनिटाचा भाव

लासलगाव स्टेशनाबाहेर पडल्यावर कुणाला रस्ता विचारावा लागला नाही. कांद्याचे ट्रॅक्टर ज्या बाजूला वळत होते, तिकडेच मीही चालत गेले. श्रावणाची भुरभुर होती, प्रत्येक ट्रॉलीवर ताडपत्री करकचून बांधलेली.

बाजार समितीच्या आवारात ट्रॉल्या आणि पिकअप ओळीनं उभ्या होत्या. एका ट्रॉलीजवळ येवला तालुक्यातले एक काका ताडपत्री सोडत होते. हा उन्हाळ कांदा. चैत्रात काढलेला, तेव्हापासून चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात. "चाळीत ठेवला म्हणजे वजन घटतं, ताई, खालून सडतोही. पण तेव्हा भावच नव्हता." बोलताना ते वरचे कांदे हातानं चोळत होते. सैल पापुद्रा निघून गेला की खालची तांबूस पत्ती चमकते. व्यापाऱ्याच्या नजरेला तेच आधी पडतं.

मग लिलावाचा घोळका आला. एकानं ट्रॉलीत हात खोल घालून मूठभर कांदे वर काढले, एक दाबून पाहिला, नाकाशी नेला. पुकारा सुरू झाला. क्विंटलला तेराशे, तेराशे वीस, पन्नास, साठ. पुढं कुणी बोललं नाही. पावती फाडून काकांच्या हातात आली आणि घोळका पुढच्या ट्रॉलीला भिडला. अर्ध्या मिनिटाच्या वर वेळ लागला नसेल. रोप टाकल्यापासून आठ-नऊ महिन्यांचा हिशेब तेवढ्यात झाला. मी बघतच राहिले. काका मात्र ताडपत्रीची घडी घालत होते.

इथं फुटलेल्या भावाकडे देशभरातले व्यापारी डोळे लावून असतात. पण दिल्लीत ठरलेली गोष्टही सगळ्यात आधी इथल्याच ओळीत जाणवते. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी लागली, ती उठली ४ मे २०२४ ला. बंदी लागली तेव्हा आवारात लाल कांदा येत होता, आणि लाल कांदा उन्हाळसारखा टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. ज्याला थांबता येत नाही त्याच्याच वेळेला बंदी आली, हे मला आजही पटत नाही. कांदा टिकावा, त्याला कोंब फुटू नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्रानं २००२ मध्ये याच गावात कांद्यावर किरणांचा मारा करणारं विकिरण केंद्र उभारलं. पण काकांसारख्यांचा भरवसा अजूनही चाळीवरच आहे.

लिलाव झाला म्हणजे सुटका झाली, असं मला वाटलं होतं. पण आधी भरलेली ट्रॉली वजनकाट्यावर चढते, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवायच्या जागेवर, रिकामी होते. खरी धाकधूक तिथं. तळाचा माल ओला किंवा सडका निघाला की 'वांधा' पडतो, म्हणजे ठरलेला भाव खाली ओढला जातो. वांधा मिटवायला समितीची माणसं असतात, पण माल एकदा जमिनीवर ओतल्यावर शेतकऱ्यानं तो परत भरायचा कसा?

खळ्यावर डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका ढिगाभोवती बसून प्रतवारी करत होत्या. मोठा, मध्यम, गोल्टी म्हणजे बारीक, जोडकांदा. बोलणं चालू, हात त्याहून जलद. काका ट्रॉलीच्या कडेला उभे राहून शेवटच्या थरापर्यंत खाली बघत होते. तळाशी पाच-सहा कांदे काळे पडलेले निघाले. मुकादमानं ते पायानं बाजूला सारले आणि "चालंल" म्हणाला.

रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर गेली. वजनाची चिठ्ठी काकांनी दोनदा वाचली, लिलावाच्या पावतीला जोडून खिशात घातली आणि पैसे घ्यायला व्यापाऱ्याच्या पेढीकडे निघाले.