सहा डेसिबलची शिट्टी

बाहेर काही वाजत नसताना माझ्या कानात सतत एक शिट्टी ऐकू येते, याला टिनिटस म्हणतात. ती मोजायला ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे ऐकू येणं तपासणाऱ्या तज्ज्ञांनी, हेडफोन लावून एकेक आवाज ऐकवला. हा तुमच्या कानातल्या आवाजासारखा आहे का, याच्याहून बारीक आहे का, असं करत करत आम्ही ६००० हर्ट्झच्या आसपास पोचलो. मग तो आवाज किती मोठा आहे ते जुळवलं. ६ डेसिबल! म्हणजे माझ्या कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या पातळीच्या किंचित वर. मी म्हटलं मशीन बिघडलंय तुमचं, रात्री झोपू देत नाही हो ही शिट्टी. तर म्हणाल्या बहुतेकांचं दहाच्या आतच येतं, आणि कोणाला किती त्रास होतो त्याचा या आकड्याशी फारसा संबंध नसतो.

हे वाक्य डोक्यात बसलं आणि मग मी टिनिटसवरच्या साउंड थेरपीचं, म्हणजे आवाज ऐकवून करायच्या उपचारांचं, रिसर्च वाचायला लागलो, कारण तोपर्यंत मी पावसाच्या आवाजाची तीन ॲप डाउनलोड करून बसलो होतो आणि एका महागड्या मशीनची जाहिरात रोज दिसत होती.

सुरुवातीची गोष्ट मस्त आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत पोर्टलंडला जॅक व्हर्नन नावाचे संशोधक होते, त्यांच्याकडे आलेल्या टिनिटसच्या एका माणसाला तिथल्या कारंज्याजवळ उभं राहिल्यावर कानातलं ऐकूच येईना. त्यातून मास्किंगची मशीनं आली, म्हणजे बाहेरच्या आवाजाने आतला झाकायचा. अंघोळ करताना शॉवरखाली मलाही हेच होतं त्यामुळे लगेच पटलं. शिवाय काही जणांना बाहेरचा आवाज बंद केल्यावरही थोडा वेळ शांतता मिळते, याला रेसिड्युअल इनहिबिशन म्हणतात. मी करून पाहिलं, साधारण अर्धा मिनिट मिळाला. त्या अर्ध्या मिनिटात मी काय केलं, तर शिट्टी परत कधी येते याची वाट बघत बसलो, डोक्याला हात.

मग १९९०मध्ये यास्ट्रेबॉफ नावाच्या संशोधकांचं मॉडेल आलं आणि त्यावरून टिनिटस रिट्रेनिंग थेरपी. त्यांचं म्हणणं, झाकू नका. आवाज कानातच तयार होतो असं धरून चालू नका, मेंदू त्याला धोक्याचा भोंगा समजतो हा खरा लोचा आहे, म्हणून बाहेरचा आवाज इतका हळू ठेवा की शिट्टी त्यात मिसळेल पण बुडणार नाही, म्हणजे मेंदूला तिची सवय होईल. सोबत समुपदेशन. वर्ष-दीड वर्ष चालतं हे. वाचायला इतकं पटण्यासारखं की मी तर लगेच ॲपचा व्हॉल्यूम कमी केला.

पण २०१९ला अमेरिकी सैन्याच्या हॉस्पिटलांमधल्या १५१ लोकांवरच्या ट्रायलचा निकाल आला. एका गटाला ही थेरपी खऱ्या मशीनसकट, दुसऱ्याला तीच पण खोटं मशीन लावून, तिसऱ्याला नेहमीची चांगली काळजी आणि माहिती. दीड वर्षाने तिन्ही गटांना बरं वाटत होतं, आणि तिघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी कोक्रेनने (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) ८ अभ्यास, ५९० लोक एकत्र बघून असंच काहीसं म्हटलं होतं: नुसत्या आवाजाची मशीनं किंवा श्रवणयंत्रं इतर उपायांपेक्षा सरस आहेत असं दाखवणारा पुरावा नाही. मला वाचून आधी राग आला, कारण मला तर फरक पडत होता ना. मग लक्षात आलं की खोट्या मशीनवाल्यांनाही असंच वाटत असणार.

आणि इथेच माझी ट्यूब पेटली. सगळे दोन गोष्टी एकत्र कालवतात, आवाज किती आणि त्रास किती. बहुतेक अभ्यासांत आकडे येतात ते त्रासाच्या प्रश्नावलीतून आणि जाहिरातीत ते 'टिनिटस कमी झाला' होऊन येतात. मी आता कुठलाही पेपर उघडला की आधी हेच बघतो, यांनी मोजलं काय. जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या संशोधकांनी गाण्यातून फक्त तुमच्या शिट्टीची फ्रिक्वेन्सी कापून ते रोज ऐकवलं, २०१०मध्ये छोट्या गटात आवाज कमी झाल्याचं दिसलं, मात्र पुढे मोठ्या ट्रायलमध्ये मुख्य निकाल फुसका निघाला. ते जिभेवर सौम्य करंट देत आवाज ऐकवणारं लेनियर नावाचं मशीन आहे त्याला २०२३ला अमेरिकेच्या एफडीएची (औषधं-उपकरणं तपासणारं सरकारी खातं) परवानगी मिळाली, मध्यम आणि त्याहून जास्त त्रास असलेल्यांमध्ये नुसत्या आवाजापेक्षा ते बरं ठरल्याचं एका ट्रायलमध्ये दिसलंय, पण तिथेही मोजलाय तो त्रासच. वाईट आहे असं नाही म्हणत मी, झोप लागली तर शिट्टीचं काय घेऊन बसायचं.

एक प्रयोग मात्र सगळ्यात भारी वाटला. २०१२ला १८ निरोगी लोकांनी एका कानात आठवडाभर बोळा घातला, १४ जणांना नसलेले आवाज ऐकू यायला लागले आणि बोळा काढल्यावर गेले. म्हणजे बाहेरून कमी आलं की मेंदू स्वतःच व्हॉल्यूम वाढवतो. शांततेसाठी कानात कापूस घालून झोपणारा मी, किती उलटं करत होतो! (एकाच कानात येत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा अचानक कमी ऐकू यायला लागलं असेल तर मात्र हे वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा.)

सध्या कापूस बंद, रात्री पाऊस अगदी हळू, आणि समुपदेशनाच्या भेटी चालू आहेत, त्या खरं तर मला जास्त कामाच्या वाटतात पण त्यांची जाहिरात कोण करणार. मागच्या महिन्यात सगळ्या टेस्ट परत केल्या. त्रासाची जी १०० मार्कांची प्रश्नावली असते त्यात माझे ५८ होते, आता २४ आलेत. शिट्टीचा आवाज जुळवायचं मॅचिंगपण परत केलं. ७ डेसिबल, म्हणजे एकाने वाढलंय.