पाय, खळ आणि न शिजणारे वाटाणे

'पाय' या शब्दावरचे सगळे विनोद आमच्याकडे करून झालेत त्यामुळे कमेंटमध्ये नवीन करायला जाऊ नका. मी शनिवारी जाहीर केलं की उद्या पाय करणारे, तर आई पेपरातून मान वर न करता म्हणाली, "कुणाचा?" बायको म्हणाली पाय कर नाहीतर हात कर, ओटा पुसून ठेव म्हणजे झालं. लेक नववीत आहे, तिला या वयात आमचे विनोद ऐकूनच लाज वाटते, पण फर्माईश तिचीच होती. चॉकलेट कस्टर्ड पाय, अमेरिकन पद्धतीचा, खाली खुसखुशीत मैद्याचं कवच आणि आत थंडगार चॉकलेटचं घट्ट कस्टर्ड.

आता मी कोथरूडमध्ये वाढलेला माणूस, माझ्या डोक्यात कस्टर्ड म्हणजे पिवळं. वेकफिल्डचा डबा (पुण्याचीच कंपनी), त्यात केळं सफरचंद द्राक्षं डाळिंबाचे दाणे, आणि केळं काळं पडायच्या आत संपवायची घाई. त्या पावडरीत अंडं नसतं हे माहीत होतं पण का नसतं ते आत्ता कळलं. 1837 मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टनं ती बनवली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसायचं नाही, म्हणून गडी कॉर्नफ्लॉवरवर गेला. हे मी मोठ्यानं वाचून दाखवलं तर बायको नुसतं "बघ" म्हणाली. बघ काय, मी पण करतोच आहे की.

पण खऱ्या कस्टर्डला अंड्याचं पिवळंच लागतं, आणि आमच्या घरात अंड्याचा नियम असा आहे की केकमधलं चालतं, फोडताना दिसलं नाही पाहिजे. म्हणजे आई देवळात गेल्यावर.

कवचापासून सुरू करतो कारण मला तेच आवडलं. तुम्ही कधी करंजीला किंवा शंकरपाळ्याला मोहन घातलं असेल तर अर्धं काम तुम्हाला येतंच. मैदा, त्यात स्निग्ध पदार्थ चोळायचा, मुटका वळला की झालं. फरक एवढाच की आपलं मोहन कडकडीत गरम, आणि इथे बटर फ्रीजमधनं काढलेलं दगडासारखं. 170 ग्रॅम मैदा, 110 ग्रॅम बटरचे छोटे तुकडे, चमचाभर पिठीसाखर, आणि बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळव्यानं नाही, तळवा गरम असतो. पूर्ण रवाळ होऊ द्यायचं नाही, मधे मधे चवळीएवढे गोळे राहिले पाहिजेत, कारण ओव्हनमध्ये ते बटर वितळतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पापुद्रे उचलते. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे साटाच की, फक्त लाटायच्या आधीच आत घातलेला." मी युट्यूबवर दोन तास घालवून जे शिकलो ते तिनं एका वाक्यात संपवलं.

मग बर्फाचं पाणी तीन-चार चमचे, आणि गोळा नुसता गोळा करायचा, मळायचा नाही. पहिल्या वेळी मी सवयीनं पोळीच्या कणकेसारखा तिंबला, तर कवच इतकं चिवट झालं की सुरीनं कापताना ताटली फिरायला लागली. शिवाय मे महिना, दुपारी स्वयंपाकघरात बटर बाहेर काढलं की पाच मिनिटांत लोणी. म्हणून दुसऱ्या वेळी सकाळी सहाला उठून केलं, आणि गोळा तासभर फ्रीजमध्ये.

साचा बोहरी आळीतून आणला, आठ इंची, तळ सुटा होणारा. साचा पाच मिनिटांत मिळाला, गाडी लावायला जागा अर्ध्या तासात, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

कवच आधी रिकामंच भाजून घ्यायचं असतं, नाहीतर ओलं कस्टर्ड पडलं की तळ गिचका होतो. पण रिकामं भाजलं तर ते फुगतं आणि कडा आत घसरतात, म्हणून वर बटर पेपर घालून त्यात कडधान्य भरायचं वजन म्हणून. परदेशी लोक यासाठी चिनी मातीचे मणी विकत घेतात म्हणे. मी डब्यातले पांढरे वाटाणे घेतले, जवळजवळ अर्धा किलो. 190 डिग्रीला वीस मिनिटं वाटाण्यांसकट, मग ते काढून अजून पंधरा मिनिटं, छान बदामी होईपर्यंत. वाटाणे गार झाल्यावर परत डब्यात ओतले. हे लक्षात ठेवा, पुढे येणारे.

आता कस्टर्ड, म्हणजे माझा खरा पोपट.

अर्धा लिटर म्हशीचं दूध, 100 ग्रॅम साखर, 30 ग्रॅम कॉर्नफ्लॉवर, 20 ग्रॅम कोको, चार अंड्यांचं पिवळं. साखर, कोको, कॉर्नफ्लॉवर आणि पिवळं थोड्या थंड दुधात गुठळी न होता फेटून घ्यायचं, उरलेलं दूध तापवून त्यावर बारीक धारेनं ओतायचं, ढवळत राहायचं, म्हणजे अंडं एकदम दचकत नाही, आणि मग सगळं परत गॅसवर. एका व्हिडिओत बाई पुन्हा पुन्हा बजावत होत्या की उकळू देऊ नका, अंड्याची भुर्जी होईल. मी घाबरून, जरा घट्ट झाल्या झाल्या खाली उतरवलं. दिसत होतं मस्त. कवचात ओतलं, रात्री फ्रीजमध्ये ठेवलं, सकाळी लेकीनं सुरी घातली आणि चॉकलेटचं सार ताटलीभर पसरलं. रात्री घट्ट होतं हो! मी स्वतः चमचा उभा करून बघितला होता.

झालं असं होतं की अंड्याच्या पिवळ्यात अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, आपल्या लाळेत असतं तसलंच, ते स्टार्च तोडतं. कस्टर्ड नीट उकळलं तर ते मरतं, नाही उकळलं तर रात्रभर फ्रीजमध्ये बसून निवांत कॉर्नफ्लॉवर खातं. नुसत्या अंड्याचं कस्टर्ड असेल तर उकळायचं नाही हे बरोबर आहे, पण कॉर्नफ्लॉवर असला की तो अंड्याला सांभाळून घेतो, मग उकळायलाच हवं. बाईंनी दोन्हींना एकच नियम लावला, आणि मी पण लावून घेतला.

दुसऱ्या वेळी आई शेजारी उभी होती (अंडी आधीच फोडून झाली होती, त्यामुळे अडचण नव्हती). मी घट्ट झाल्यावर गॅस बंद करायला गेलो तर तिनं हात धरला. "अरे कच्चं आहे ते. खळ कधी केली नाहीस का?" मी कुठे खळ करणार, पण तिनं तीस वर्षं सुती साड्यांना घरची खळ घातलीये. तिचं म्हणणं, स्टार्च कच्चा असतो तोवर मातकट दिसतो, शिजला की चकाकी येते, आणि पिठल्यासारखं रटरटायला लागलं पाहिजे. आणि खरंच, मिनिटभरात त्या तपकिरी लगद्यावर एकदम तुकतुकी आली, जाड बुडबुडे फट फट फुटायला लागले, एक माझ्या मनगटावर उडाला, अजून डाग आहे. त्यानंतर घड्याळ लावून दीड मिनिट, सतत ढवळत, तळाला खरवडत. मग गॅस बंद करून 80 ग्रॅम डार्क चॉकलेट (अमूलचं 55 टक्केवालं घेतलं, दुधाचं घेतलं तर फार गोड होतं), चमचाभर बटर, व्हॅनिला. गाळणीतून गाळून कवचात, आणि वर प्लास्टिक अगदी चिकटवून, नाहीतर साय धरते. मला साय आवडते खरंतर, पण लेक ओरडते.

पाच-सहा तास फ्रीजमध्ये. मधे दोन तास लाइट गेली, गुरुवार होता (पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट जायचा वार), त्यामुळे फ्रीज कुणीही उघडायचा नाही असा कर्फ्यू लावला होता.

अंड्याच्या उरलेल्या पांढऱ्याचं मरांग (साखर घालून फेटलेला घट्ट फेस) करून वर घालतात पारंपरिक पद्धतीत, काही वाया जात नाही. मी त्याचं ऑम्लेट करून आई परत देवळात गेल्यावर खाल्लं.

संध्याकाळी कापला. सुरी गेली, तुकडा उभा राहिला, टोकदार, कडा सरळ. खाली कुरकुर आणि वर गार, दाट, जरासं कडवट. लेकीनं आधी फोटो काढले मग खाल्ला. आईनं दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाली, "खळ चांगली जमली."

हे सगळं छान संपलं असतं पण तीन आठवड्यांनी आईनं रगडा करायला घेतला. वाटाणे रात्रभर भिजवले, सकाळी बघितलं तर फुगलेच नाहीत धड. चार शिट्ट्या. नाही. सोडा घालून आठ शिट्ट्या. गोट्या नुसत्या. दुकानदाराला शिव्या, धरणाच्या पाण्याला शिव्या, मी शांतपणे पेपर वाचतोय. एकदा ओव्हनमध्ये असे कोरडे भाजले गेले की वाटाणे पाणीच धरत नाहीत, पुढे फक्त पायाला चालतात, हे मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं, पण अंदाज मात्र लगेच आला. लेकीनं सांगून टाकलं.

त्या दिवशी पॅटिस चिंचेच्या चटणीबरोबर खाल्ले. उरलेले वाटाणे आता वरच्या फळीवर वेगळ्या बरणीत आहेत आणि बरणीवर आईच्या अक्षरात चिठ्ठी आहे: "हे वाटाणे शिजत नाहीत. चौकशी चिरंजीवांकडे करावी."